वसईच्या किल्ल्यातली छपरं कुठे गेली?

तुमचा प्रश्न असा आहे: वसईचा किल्ला बघताना सोबतच्या वाटाड्याने सांगितलं की १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या तोफांनी आतलं सगळं शहर आणि चर्चं पाडली, म्हणून आज नुसत्या भिंती उरल्यात. हे खरं का? आणि नसेल, तर इतक्या भक्कम इमारतींची अशी दशा कशाने झाली?

तोफांनी झाली नाही. वेढ्यात तटाचा एक भाग फुटला, तो खरोखर फुटला. पण आज आपण बघतो ते अवशेष मुख्यतः त्यानंतरच्या शे-सव्वाशे वर्षांत, हळूहळू, छपरापासून खाली असे तयार झाले. मी गेली २२ वर्षं दगड-चुन्याच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यातलं बरंचसं कोकणपट्टीत. दर पावसाळ्यानंतर विद्यार्थ्यांना आणि नव्या गवंड्यांना घेऊन वसईत एक फेरी ठरलेली असते. कागदांतला इतिहास आणि भिंतींवरचा इतिहास शेजारी ठेवून वाचायला याहून चांगली जागा मला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी किल्ला कसा झाला ते. पोर्तुगीज येण्याआधी इथे गुजरातच्या सुलतानाचं ठाणं होतं. दिल्लीकडून हुमायूनचं संकट आलं तेव्हा सुलतान बहादूरशहाला समुद्राकडची बाजू तरी शांत हवी होती. २३ डिसेंबर १५३४ ला त्याने तहात वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. मुंबईची बेटंही त्याच तहात गेली. १५३६ मध्ये गव्हर्नर नुनो द कुन्हाने किल्ल्याचं काम सुरू करून गार्सिया द सा याला पहिला कप्तान नेमलं. हा पहिला कोट लहान होता. आज आपण ज्याला बालेकिल्ला म्हणतो तो त्याचाच वारसा. पुढे वस्ती वाढली तशी तिच्याभोवती मोठा तट चढत गेला. सेबॅस्तियन बुरूज १५५४ मध्ये बांधल्याचा शिलालेख होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सुमारे ११० एकरांचं एक अख्खं शहरच तटाच्या आत आलं. गोव्याखालोखाल पोर्तुगिजांचं हिंदुस्थानातलं हे मोठं ठाणं. दमणपासून चौलपर्यंतच्या त्यांच्या उत्तर प्रांताचा कारभार इथून चाले. मराठी कागदांत ज्याला फिरंगाण म्हटलंय, त्याची ही राजधानी.

आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा पंथांचे मठ आणि चर्चं होती, इस्पितळ होतं, तुरुंग होता, जमीनदार फिरंग्यांचे वाडे होते. नागासाकीला १५९७ मध्ये सुळावर गेलेले संत गोन्सालो गार्सिया इथलेच, आई इथली आणि वडील पोर्तुगीज. इथला दगडही नावाजलेला. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागात जांभ्याच्या भिंतीला जे काळ्या दगडाचे खांब आहेत, तो दगड वसईकडून गेलेला. जांभा कोरीव कामाला साथ देत नाही, बारीक कड त्यात टिकत नाही, म्हणून एवढ्या लांबून दगड न्यायची तसदी घेतली.

आता छपरांकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

मे १६१८ मध्ये वसईवर मोठं चक्रीवादळ आलं. त्याच्या वर्णनांत हजारो माड उन्मळून पडल्याचं आहे, आणि शहरातल्या तीन मोठ्या चर्चांची छपरं उडून गेल्याचंही आहे. म्हणजे १७३९ च्या १२१ वर्षं आधी ही चर्चं एकदा उघडी पडलेली आहेत. तेव्हा ती अवशेष का झाली नाहीत? कारण तेव्हा शहरात पैसा होता, सागवान मिळत होतं, सुतार-गवंडी होते आणि मुख्य म्हणजे रविवारी त्या छपराखाली बसायला माणसं होती. दोन-चार पावसाळ्यांत नव्या तुळया चढल्या, कौलं बसली, शहर पुढे चाललं. पुन्हा छपरं गेली तेव्हा ती चढवणारं कोणी उरलेलं नव्हतं. सगळा फरक एवढाच.

उतरण मात्र मराठ्यांच्या आधीच सुरू झाली होती. १६६० च्या दशकात मुंबई इंग्रजांकडे गेली आणि व्यापार तिकडे वळू लागला. १६७४ मध्ये मस्कतचे अरब उतरले, त्यांनी तटाबाहेरची चर्चं लुटली, आणि किल्ल्यातली शिबंदी बाहेर पडली नाही. ज्या शहराची शिबंदी आपल्या वेशीबाहेरच्या देवळांसाठी बाहेर पडत नाही, त्या शहराची कंबर मोडलेली असते, असं मला वाटतं.

१७३७ मध्ये मोहीम सुरू झाली, त्या वर्षी ठाणे शहर आणि साष्टी बेट मराठ्यांकडे आलं. वसईचा पहिला प्रयत्न फसला. १७३९ च्या सुरुवातीला चिमाजी अप्पा स्वतः उतरले. केळवे-माहीम आणि आजूबाजूची ठाणी घेत फेब्रुवारीत वसईला मोर्चे लागले. शंकराजी केशव फडके आधीपासून तिथे झुंजत होते, मागून मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे येऊन मिळाले.

वाटाडे इथे एक गोष्ट सांगत नाहीत, आणि नेमकी तीच महत्त्वाची. किल्ल्याला बाकीच्या बाजूंनी समुद्र, खाडी आणि दलदल. हल्ला करण्याजोगी कोरडी, वाळूची जमीन उत्तरेकडेच. म्हणून मराठ्यांनी आपलं सारं बळ उत्तरेच्या तटावर, सेबॅस्तियन आणि रेमेदियस या दोन बुरुजांवर लावलं. वाळूतून मोर्चे पुढे सरकवत सुरुंग थेट बुरुजांच्या पायाखाली नेले. मे महिन्यात सुरुंगांना बत्ती दिली. काही वेळेवर उडाले, काही मागून उडाले आणि खिंडाराकडे धावलेली आपलीच माणसं त्यांत गेली. तरीही लोक पुन्हा पुन्हा चढले. सेबॅस्तियनच्या खिंडारात मराठ्यांनी पाय रोवला तेव्हा आतल्यांनी जाणलं की आता संपलं. चिमाजी अप्पांनी ‘किल्ला मिळत नसेल तर मला तोफेच्या तोंडी द्या, निदान माझं मस्तक तरी वसईत पडू द्या’ असं म्हटल्याची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. शब्द तेच असोत नसोत, हजारोंनी माणूस पडलं हे पत्रांतून स्पष्ट आहे. उत्तरेच्या तटाजवळ उभं राहून मी मुलांना हे सांगतो तेव्हा माझा आवाज अजूनही जड होतो.

शरणागतीची तारीख पुस्तकांत कुठे ५ मे तर कुठे १६ मे दिसते. त्यात घोटाळा नाही. तेव्हा इंग्रजांचं पंचांग पोर्तुगिजांच्या पंचांगापेक्षा ११ दिवस मागे होतं, दिवस एकच आहे.

आणि ही शरणागती करार करून झाली. कायतानो द सौझा परेरा या अधिकाऱ्याने किल्ला खाली करून दिला. आतल्या लोकांना आठ दिवसांची मुदत मिळाली, आपली चीजवस्तू घेऊन, शिबंदीला हत्यारं-निशाणासह जाऊ देण्यात आलं. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मुभा होती. आता विचार करा: ज्या शहरात मोजून आठ दिवस माणसं सामान बांधत होती, ते शहर तोफांनी भुईसपाट झालेलं कसं असेल? मराठ्यांना वसई मोडायची नव्हती, नांदवायची होती. किल्ला हाती आल्यावर शंकराजी फडके तिथले सरसुभेदार झाले आणि पेशव्यांचा कारभार तिथून चालू झाला. जे घर उद्या आपलं होणार, त्याच्या तुळया कोणी जाळत नाही.

घंटा मात्र गेल्या. विजयाची खूण म्हणून चर्चांच्या घंटा उतरवून हत्तींवरून, बैलगाड्यांतून वर घाटावर नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात आहे ती १७२१ ची. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे ती १७०७ ची. भीमाशंकरला आहे, पालीच्या बल्लाळेश्वरालाही आहे. आपल्याकडे मोठा आवाज करणाऱ्याला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, ती ही. मेणवलीला गेलात तर घंटेला हात लावून बघा. ओतकाम इतकं नितळ आहे की तीनशे वर्षांनंतरही कड बोटाला जाणवते. जिला छप्पर मिळालं आणि रोज वाजवणारं माणूस मिळालं, ती वस्तू टिकली.

मग वसईचं काय झालं? शहराचा मालकच निघून गेला. फिरंगी कुटुंबं गोव्याकडे गेली. त्यांचे वाडे, मठ आणि चर्चं एका झटक्यात रिकामी झाली. पेशव्यांच्या कारभाराला कचेरी, कोठार, शिबंदीच्या खोल्या एवढं पुरेसं होतं. आत नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळ आलं, काही घरं वापरात राहिली. पण पाच-सहा मठांची अवाढव्य छपरं शाकारायला लागणारा माणूसबळ-पैसा त्या कारभाराने कशाला लावावा? १७८० च्या अखेरीस इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने वेढा दिला तेव्हा तोफा पुन्हा त्याच उत्तरेच्या अंगाला भिडल्या. मदतीला निघालेले मराठी सरदार रामचंद्र गणेश १२ डिसेंबरला दुगाडच्या लढाईत पडले, तोवर किल्ला गेलाच होता. सालबाईच्या तहाने तो मराठ्यांना परत मिळाला. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इथेच तह करून मराठी राज्याचं उरलंसुरलं स्वातंत्र्य लिहून दिलं, त्यावर मी जास्त लिहीत नाही. १८१८ नंतर किल्ला इंग्रजांकडे गेला. त्यांना मुंबई होती, वसईचं काही कामच नव्हतं. पुढे तर तटाच्या आत काही काळ साखरेचा कारखाना चालला. शहराचं माळरान झालं होतं.

आता भिंती काय सांगतात ते.

फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये जा. पायाखाली पोर्तुगीज लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत, सावकाश चाला. लोक बसायचे त्या लांब दालनावर उघडं आकाश आहे. पण वेदीकडचा भाग बघा, तिथे दगड-चुन्यात बांधलेली कमानदार छत टिकून आहे. दालनावरचं छप्पर लाकडी होतं, वेदीवरचं दगडी. लाकूड गेलं, दगड राहिला. तोफा लागल्या असत्या तर हे उलट झालं असतं. दगडी कमानीला दोन-चार गोळे बसले की ती खाली येते, कारण ती एकमेकांवर रेललेल्या दगडांच्या जोरावरच उभी असते. लाकडी छपरात मात्र गोळा भोक पाडून पलीकडे जातो. मग नजर दालनाच्या भिंतींवर वर न्या. ओळीने चौकोनी खोबणी दिसतील. ती तुळयांची घरं. मी बघितली त्यांत कडा साफ आहेत, जळल्याचा काळा-तांबूसपणा नाही. तुळया कुजून पडल्या तरी खोबणी अशा राहतात, आणि कोणी सांभाळून काढून नेल्या तरी अशाच राहतात. चांगलं सागवान रिकाम्या इमारतीत कोणी कुजत ठेवत नाही, तेव्हा माझा कौल काढून नेण्याकडे आहे. कोपऱ्यांचे घडीव दगडही जागोजाग निघालेले दिसतात. आजूबाजूला नवी घरं बांधायची, हाताशी आयता घडीव दगड, आणि इमारत निर्वारस.

छप्पर गेल्यावर पुढचं काम पाऊस करतो. कोकणात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. या भिंती बाहेरून एकसंध दिसतात, पण त्या तीन थरांच्या असतात: दोन बाजूंना नीट लावलेला दगड आणि मध्ये कपच्या-चुन्याची भर. भिंतीचं डोकं उघडं पडलं की पाणी थेट भरीत उतरतं. चुना पाण्याबरोबर थेंबाथेंबाने वाहून जातो, भर पोकळ होते, बसते, आणि बाहेरचा थर पोट काढतो. आमचे गवंडी म्हणतात, ‘भिंतीला पोट आलं.’ पोट आलेली भिंत दहा वर्षं उभी राहील, चाळीसही राहील, पण एका आषाढात रात्रीतून बसते. दुसऱ्या दिवशी लोक म्हणतात, अचानक पडली. अचानक काही नसतं.

तिसरा वाटेकरी पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतलं बी भिंतीच्या डोक्यावरच्या ओलसर भेगेत पडतं. पहिली दोन वर्षं मूळ दोऱ्याएवढं असतं आणि चुन्याच्या सांध्यातून ओल शोधत खाली जातं. मग जाड होतं, आणि दगडाला दगडापासून वेगळं करतं. मी एकदा तिथे पडलेला दगड उचलून उलटा केला, तर सांध्यात बसलेलं मूळ पट्टीसारखं चपटं झालेलं होतं, दगडाच्या घडणीची प्रत्येक चीर त्याच्यावर उमटलेली. त्याच दगडाला चिकटलेला चुना बोटांनी चुरला, आणि आतून शिंपल्याचा पांढरा तुकडा निघाला. खाडीतल्या शिंपल्या भाजून केलेला चुना. पुरता न भाजलेला एक कण साडेचारशे वर्षं तसाच राहिला होता.

आणि खारा वारा आहेच. ओलीबरोबर मीठ दगडात शिरतं, उन्हाळ्यात वाळून त्याचे खडे होतात, फुगतात, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून समुद्राच्या बाजूचं कोरीव काम आतल्या बाजूच्या कोरीव कामापेक्षा जास्त झिजलेलं दिसतं.

इथे एक गोष्ट माझ्या कामातली सांगतो, कारण किल्ल्यांच्या दुरुस्तीबद्दल बोलताना ती नेहमी आठवते. सुरुवातीच्या काळात मी एका जुन्या दगडी घराच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरू दिल्या. घाई होती, मालकाला पावसाळ्याआधी काम संपवून हवं होतं, आणि मीही नाही म्हणालो नाही. काम देखणं दिसलं. तीन पावसाळ्यांनी बघायला गेलो तर सिमेंटच्या रेषा जशाच्या तशा आणि दोन रेषांमधले दगड खचलेले, पिठासारखे. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल तो स्वतःतून बाहेर सोडतो आणि झिजायचं तर तोच झिजतो. सिमेंट ओल आत कोंडतं, मग झीज दगडाच्या वाट्याला येते. त्या घराचे दगड माझ्या हातून गेले. तेव्हापासून जुन्या भिंतीत सिमेंट घालू देत नाही. वसईत असो वा तुमच्या गावातल्या गढीवर, श्रमदानाच्या उत्साहात कोणी सिमेंटची गोणी घेऊन निघालं तर कृपा करून त्यांना थांबवा. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, एक दगडही आपण आपल्या मनाने हलवायचा नसतो. झाडं उपटायलाही जाऊ नका. मूळ ओढून काढलं की सांधाच बाहेर येतो. ते कापून, जागेवर मारून, मग चुन्याने बंद करावं लागतं, आणि ते शिकलेल्या हाताचं काम आहे.

तुमच्या वाटाड्यावर मी रागावणार नाही. त्याने सांगितलेली गोष्ट ऐकायला जोरकस आहे, आणि त्यात आपल्या माणसांचा पराक्रमही आहे. पण ती पराक्रमाला उगाच लहान करते. चिमाजी अप्पांच्या माणसांनी मोडून दाखवलं ते त्या काळातल्या उत्तम तटांपैकी एक होतं, समोरून, सुरुंग लावून, माणसं खर्ची घालून. रिकामी चर्चं पाडण्यात काय होतं? आणि वसईच्या ख्रिस्ती बांधवांसमोर ‘मराठ्यांनी तुमची चर्चं पाडली’ हे न तपासता सांगत राहणं मला बरं वाटत नाही. त्यांचेही पूर्वज याच मातीतले, त्या भिंती त्यांच्याही.

पुढच्या वेळी जाल तेव्हा सप्टेंबरच्या शेवटी जा, गवत वाळायच्या आधी. जमिनीच्या दरवाजातून आत शिरा, दुहेरी दरवाजांमधल्या वळणावर थांबून शत्रू इथे कसा कोंडला जाई ते बघा. तिथून उत्तरेचा तट धरून सेबॅस्तियन बुरुजापाशी जा, खिंडाराची जागा तिथली. मग चर्चांकडे. एक गोष्ट नक्की करा: सेंट अँथनी बघून झाल्यावर लगेच जेझुइटांच्या चर्चमध्ये जा, ज्याला आता लोक गोन्सालो गार्सियाचं चर्च म्हणतात. दगड तसाच, चुना तसाच, काळही जवळपास तोच. याच्यावर छप्पर आहे, कारण लोकांनी ते परत चढवलं आणि संतांच्या सणाला तिथे प्रार्थना होते. आत गेलात की भिंतीला तळहात लावा. कोरडी लागेल. बाहेर येऊन सेंट अँथनीच्या भिंतीला लावा.

शेवटी बंदराच्या दरवाजातून किल्लाबंदरला उतरा. बाहेर कोळीवाडा आहे, काठ्यांवर बोंबील वाळत असतात. त्या दरवाजाच्या सागवानी फळ्या आणि त्यांवरचे लोखंडी खिळे जवळून बघा, आणि येताना मला तुमच्या फोटोंपैकी तुळयांच्या खोबणींचा एक तरी पाठवा.